मागे गेलेला चौकोन

१

वालचंदनगरहून बारामतीला जाणारी सव्वाआठची एसटी मी तीन वर्षं धरत होते. जंक्शन गावाला ती भरायची आणि सणसरच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकायची. कारखाने चालू असले की पाऊण तासाचा रस्ता सव्वा तासाचा व्हायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही. खिडकीशी बसून ट्रॉलीतून लोंबणारी उसाची हिरवी वाढी बघत मी जायचे.

आमचं ऑफिस भिगवण रस्त्याला, मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या दुकानाच्या वर होतं. खोल्या दोनच. पुढच्या खोलीत आमची चार टेबलं आणि आतल्या खोलीत सर्व्हर, जुने खोके, पाण्याचा जार. त्या आतल्या खोलीला खिडकी नव्हती. खाली दिवसभर मोटारी तपासायला चालू करत, त्यांची घरघर फरशीतून पायांना लागायची.

काम एका अवकाश दुर्बिणीचं होतं. ती दुर्बीण आकाशाच्या एकेका तुकड्याकडे महिनाभर टक लावून बघते, ठरावीक वेळाने फोटो घेते आणि ते खाली पाठवते. प्रत्येक ताऱ्याच्या फोटोंपासून अभ्यासाला वापरता येईल अशी एक फाइल बनवली जाते. परदेशात तिला डेटा प्रॉडक्ट म्हणतात, आम्ही नग म्हणायचो. किती नग असायला हवेत याची यादी असते. त्यातले काही नसतात. ते का नाहीत हे शोधणं एवढंच आमचं काम होतं. नसलेल्या नगाचे मूळ फोटो उघडायचे, बघायचे आणि कारणाचा आकडा दाबायचा. एक, दुर्बीण हलली. दोन, शेजारच्या ताऱ्याचा उजेड सांडला. तीन, तारा कडेबाहेर गेला. चार, माहिती पृथ्वीवर पोचली नाही. पाच, प्रक्रिया अर्ध्यात थांबली. सहा, इतर.

सहा दाबायचं नाही, असं महिपती सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सर म्हणजे आमचे प्रमुख, इंदापूरचे, पन्नाशीचे. दिवाळीपासून त्यांचा घसा बसला होता. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय म्हणून ते तीन फुटांवर बसून आम्हाला व्हॉट्सॲपवर मेसेज करायचे.

डिसेंबरात त्यांनी मला सुप्रियाचं टेबल आणि तिची उरलेली यादी दिली. सुप्रिया डाळजची मुलगी, चोवीस वर्षांची. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. तिचा स्वेटर अजून खुर्चीच्या पाठीवर होता.

२

तिच्या यादीतला पहिला नग मी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी उघडला. वेळ आठवते, कारण पुढे ती मला पुन्हा पुन्हा तपासावी लागली.

प्रत्येक फोटो म्हणजे अकरा बाय अकराचा लहानसा जाळीदार तुकडा, एकशेएकवीस चौकोनांचा. मधल्या चौकोनात तारा, म्हणजे पांढरा ठिपका. बाकीचे करडे. असे हजारभर फोटो एकामागून एक फिरवले की चित्र चालू झाल्यासारखं होतं. ठिपका थोडा थरथरतो, बाकी काही होत नाही.

ह्या नगात खराब असं काही नव्हतं. दुर्बीण हलली नव्हती, तारा जागेवर होता. असल्या चांगल्या फोटोंचा नग बनला कसा नाही, हे मला कळेना. मी फोटो हळू फिरवायला घेतले, आणि एका फोटोत मधला चौकोन रिकामा दिसला. पुढच्या फोटोत तारा परत होता. मी एक फोटो मागे गेले.

तो चौकोन काळा नव्हता. काळा असता तर मी काहीतरी दाबून पुढे गेले असते. तो मागे होता. बाकीचे एकशेवीस चौकोन स्क्रीनवर होते आणि हा एक त्यांच्या बराच मागे होता, घरात उभं राहिलं की दारातून आतल्या खोलीचं दार आणि त्यातून परसदार दिसतं तसा. स्क्रीन सपाट असते हे मला माहीत होतं. मी बोट लावून पाहिलं. बोटाला काच लागली.

मग साखरबाई माझ्या टेबलापाशी उभ्या दिसल्या. त्या ऑफिसात झाडलोट आणि चहा बघतात. माझ्यासमोर चहा होता आणि त्यावर जाड साय आली होती. घड्याळात बारा चाळीस झाले होते.

त्या म्हणाल्या, "मी दोनदा हाक मारली की. तुमी व्हय म्हनला."

मला आठवत नाही, असं मी म्हणाले.

"आतल्या खोलीतनं म्हनला. म्हनून मी कप तिकडं न्हेला. तर तितं कोन न्हाय, आन् तुमी हितं."

त्या हसल्या, मीही हसले. खालच्या मोटारींच्या आवाजात कुठला शब्द कुठून आला ते नेहमीच कळत नसे. दीड तास डोळा लागला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. उघड्या डोळ्यांनी झोपणारी माणसं असतात.

नग बंद करताना पाहिलं तर कारण भरून झालं होतं, माझ्याच नावावर, अकरा बाराला. सहा. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द होता: हाय.

मी सणसरची आहे, बोलताना घरात आमच्या तोंडी हेच येतं. पण लिहिताना मी 'आहे' लिहिते. शाळेत त्यासाठी मार खाल्लाय. मी सुप्रियाच्या जुन्या नोंदी उघडल्या. तिनेही काही नगांना सहा दाबलं होतं आणि प्रत्येकापुढे तोच शब्द होता. सरांना मेसेज करून विचारलं. त्यांचं उत्तर आलं, पोरगी इंग्रजीतलं हाय लिहीत असेल, मजा म्हणून. दुर्लक्ष करा.

३

आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पुढची खोली, मधली खोली, त्यामागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या दारातून मागचं अंगण, अशी सरळ रांग. माझे पती इंद्रजित त्याच कंपनीत मशीन शॉपला होते. वीस वर्षं लेथच्या आवाजात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि म्हणून ते मोठ्याने बोलायचे. आमच्याकडे आज कुठली भाजी आहे ते शेजारच्या तीन क्वार्टरला कळायचं. लग्न झालं तेव्हा मला लाज वाटायची. नंतर त्या आवाजाची इतकी सवय झाली की ते दुसऱ्या पाळीला असले की घर बहिरं वाटायचं.

त्या आठवड्यात ते मला एकदा म्हणाले की तू आतनं काय बोलतीस, हितं ये की. मी त्यांच्या शेजारीच बसून लसूण सोलत होते. त्यांचे कान, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी एसटीत मी बारामती म्हणाले तर कंडक्टरने माझ्या मागच्या सीटकडे बघून तिकीट काढलं आणि मग ते कुणाला द्यायचं म्हणून इकडेतिकडे बघत राहिला. त्याचे कान चांगले होते.

सुप्रियाच्या यादीत असे नग आणखी निघत होते. फोटो चांगले, आणि कुठेतरी एका फोटोत मधला चौकोन मागे. चाळीसएक झाले तेव्हा पहिल्या दिवसासारखा माझा वेळ हरवायचा थांबला. मी त्या चौकोनाकडे बघायचे, आकडा दाबायचे, चहा प्यायचे. भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. तव्याला हात लागला तर हात काढायचा हे डोक्याला माहीत होतं म्हणून मी काढला. चुलतभावाला मुलगा झाल्याचा फोन आला, मी आनंद झाला म्हणाले. बोलताना आत कुठे काही हललं नाही. थकवा असेल, हिवाळा असेल, पाळी जवळ आली असेल. कारणं शोधायची मला सवयच होती.

एका सकाळी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून मी स्वतःचं नाव घेतलं. ओठ हलून मिटले. मग स्वयंपाकघरातून नाव आलं.

मी तोंड पुसलं आणि सव्वाआठची गाडी धरली.

४

इंद्रजितना मी सांगितलं ते पुढच्या रविवारी, जेवणानंतर. भीतीने सांगितलं नाही. मला माझ्यावर विश्वास उरला नव्हता, आणि दुसऱ्या कुणी बघितल्याशिवाय हे खरं की खोटं ते ठरणार नव्हतं. तपासणीचा तो साधा नियम आहे, एकाने बघितलेलं दुसऱ्याने बघायचं. हे मी अजूनही स्वतःला सांगते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी हसले, मग माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सोडा म्हणजे ऑफिसमधून आणलेला लॅपटॉप उघडते, असं मीच म्हणाले.

ते मधल्या खोलीतल्या टेबलाशी बसले. दुपारचे अडीच वाजले होते. उन्हाचा पट्टा दारातून त्यांच्या पायांपर्यंत आला होता आणि कुणाच्या तरी गच्चीवर पापड वाळत घालताना बायका बोलत होत्या. मी फोनवर वेळ लावली, नगाचे फोटो लावले आणि त्यांच्यासमोर, स्क्रीनच्या मागे, अशी बसले की त्यांचा चेहरा मला दिसेल आणि चौकोन दिसणार नाही.

तो फोटो कधी आला ते मला त्यांच्याकडे बघून कळलं. चेहरा बदलला नाही. डोळे उघडे होते, श्वास चालू होता. फक्त ते ज्या अंतरावरून बघत होते ते वाढलं. माझ्यापासून दोन हातांवर बसलेल्या माणसाबद्दल मला हे याहून बरं सांगता येत नाही.

मी हाक मारली, "अहो."

"हाय की," इंद्रजित म्हणाले.

आवाज त्यांचाच, तसाच मोठा. तो स्वयंपाकघरातून आला. समोर ओठ मिटलेले होते.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. दुधाचं पातेलं झाकलेलं, गॅस बंद, मागच्या दाराला आतून कडी. फरशीवर माझ्या ओल्या पावलांचे जेवणाआधीचे डाग वाळले होते. मी परत आले तोवर ते मान वळवून माझ्याकडे बघत होते. किती वेळ झाला म्हणून त्यांनी विचारलं. त्यांचे ओठ हलले, थोडे उशिरा, आणि प्रश्न माझ्या पाठीमागून आला. मी दोन मिनिटं म्हणाले. "मधला तारा गेला न्हवं एकदा, आन् काय," असं ते म्हणाले, आणि लॅपटॉप मिटून पेपर वाचायला पुढच्या खोलीत जाऊन बसले.

त्यांना स्वतःला काही वेगळं ऐकू येत नव्हतं. कान अधू असल्याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. वाटायला हवं, असं वाटलं.

५

चार दिवसांत त्यांचे ओठ हलायचे बंद झाले. शॉपमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथे मशीनच्या आवाजात सगळे खुणांनीच बोलतात. घरी ते जेवायचे, आंघोळ करायचे, पेपर वाचायचे आणि माझ्याशी बोलायचे स्वयंपाकघरातून.

मी सुट्टी टाकली, सुप्रियाचा स्वेटर पिशवीत घातला आणि डाळजला गेले. बारामतीहून भिगवण, तिथून वडापची जीप. घर महामार्गापासून थोडं आत, ज्वारीच्या रानाला लागून होतं. ट्रकांचा आवाज तिथवर येत होता. ओट्यावर सुप्रिया शेंगा फोडत बसली होती. दाणे एका सुपात, टरफलं दुसरीकडे, हात भराभर चालले होते. मला बघून ती ओळखीचं हसली.

मी म्हणाले, मी स्वरूपा, ऑफिसातून आलेय, तुझा स्वेटर राहिला होता.

"या की ताई, बसा," असं उत्तर घराच्या मागून आलं. सुप्रियाचे हात थांबले नाहीत.

तिची आई जयवंताबाई बाहेर आल्या. त्यांनी मला पाणी दिलं, स्वेटर उलटासुलटा करून बघितला आणि दोरीवर टाकला. मी कशाला आले ते त्यांना न सांगताच कळलं असावं. माझ्या बोलण्यावर त्या माझ्या तोंडाकडे न बघता रस्त्याकडे बघत होत्या, माझा आवाज त्यांना तिकडून येत असणार.

मी सुप्रियाला विचारलं, असे किती बघितलेस.

मागून तिचा आवाज आला, "एकशे साठ."

त्यात काय होतं, असं मी विचारलं. रानातून वारं आलं, ज्वारी सळसळली. मग तो आवाज आला, आधीपेक्षा लांबून. "तुमी बी बघितलंय न्हवं."

जयवंताबाई माझ्याजवळ ओट्यावर टेकल्या. हळू बोलायची त्यांना गरज वाटत नव्हती, पण त्या हळू बोलल्या.

"आधी माजघरातनं यायचा तिचा आवाज. मग परसातनं. आता सकाळ-सांच्याला बांधावरनं येतो. लांब चाललीय."

डॉक्टरला दाखवलं का, असं मी विचारलं. भिगवणला दाखवलं, पुण्याला नेलं. सगळे कागद चांगले आले. पोरगी खाते, झोपते, बोलते, मग झालंय काय, असं डॉक्टर म्हणाले.

"आन् तुमी काय करता," मी विचारलं.

त्यांनी सुप्रियाकडे पाहिलं. ती एक शेंग फोडून त्यातला किडका दाणा बाजूला टाकत होती. "हिला भाकरी घालते," जयवंताबाई म्हणाल्या. "आन् सांच्याला बांधावर जाऊन बसते. तितं बोलती ती माझ्याशी. बारकी हुती तवाचं सगळं आठवतं तिला. रडती कवा कवा."

ओट्यावरची सुप्रिया रडते का, असं मी विचारलं नाही.

निघताना मी त्यांना विचारलं, आवाज परत जवळ कधी आला होता का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आल्या आणि वडाप येईतो उभ्या राहिल्या. मग त्यांनी एकच सांगितलं, "दार बंद करून बगितलं मी. त्यानं काय हुत न्हाय. उलट ती भिताडापलीकडं गेली."

६

दुसऱ्या दिवशी ऑफिसात परदेशातून मेल आलेलं होतं. महिपती सरांनी ते मला पुढे पाठवलं. यादी संपवायला आठवडा उरला होता आणि सुप्रियाच्या आणि माझ्या मिळून सहा नंबरच्या दोनशे चौदा नगांबद्दल त्यांना स्पष्ट कारण हवं होतं. तिथल्या नोंदींप्रमाणे हे नग मुळात बनले होते. नंतर ते हाताने काढले गेले. काढणारी माणसं तीन होती आणि तिघांनीही काम सोडलं होतं. कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं. आता मूळ फोटोंवरून नग पुन्हा बनवून सगळ्यांसाठी खुले करावेत का, एवढाच प्रश्न होता.

सगळ्यांसाठी म्हणजे काय, ते मला माहीत होतं. कॉलेजची मुलं ते उघडतात. घरी बसून छंद म्हणून तारे तपासणारे म्हातारे उघडतात. बारामतीच्या कॉलेजातल्या आमच्या बाई वर्गात पडद्यावर लावून असलेच फोटो दाखवायच्या, साठ मुलांना एकदम.

मी सरांकडे पाहिलं. ते त्यांच्या स्क्रीनकडे बघत होते. मी विचारलं, "सर, तुम्ही ह्यातला बघितलाय का कुठला?" माझा आवाज खालून, दुकानातून आला. खालचा एक कामगार "काय मॅडम?" म्हणून जिन्यात येऊन उभा राहिला आणि परत गेला.

सरांनी मोबाइल उचलला. बराच वेळ टाइप करत होते. आलं ते एवढंच: एक. दिवाळीच्या आधी. सुप्रियाने दाखवला.

थोड्या वेळाने आणखी एक मेसेज आला: मी घरी बोलत नाही. बोललो की नातू अंगणात शोधायला जातो.

मी दोनशे चौदा नग एकामागून एक उघडले. ह्या वेळी फोटो न बघता. प्रत्येकाचं सहा खोडलं, शेरा पुसला आणि चार दाबलं. माहिती पृथ्वीवर पोचली नाही. आमच्या सर्व्हरवरचे मूळ फोटो पुसले. परदेशातल्या मूळ प्रतींसाठी सरांनी त्यांच्या अधिकाराने शिफारस पाठवली की ह्या फायली दूषित आहेत, त्या साठ्यातून काढाव्यात. तीन दिवसांनी तसं झाल्याचं उत्तर आलं, खाली आभार मानलेले होते. आता यादीत ते नग नाहीत आणि ते का नाहीत याचं कारण आहे. ते कारण मी दिलंय. हे एक काम मी नीट केलं असं मला वाटतं. खात्री देता येत नाही, कारण ते वाटणं कसं असतं ते मला आता नक्की आठवत नाही.

ते उत्तर आलं त्या दिवशी राजीनामा देऊन मी दुपारच्या गाडीने घरी आले.

७

पुढचा रविवार. मी चादरी धुऊन मागच्या अंगणात तारेवर घातल्या, भाकरी केल्या, वांग्याचं भरीत केलं. मधल्या खोलीत ताटं घेतली. इंद्रजित येऊन समोर बसले. दारातून ऊन येत होतं. शेजारी कुणीतरी मोटारसायकल धूत होतं.

मी पहिला घास मोडणार तेवढ्यात स्वयंपाकघरात इंद्रजित बोलायला लागले. नेहमीसारखे मोठ्याने. सणसरला बारशाला जायचंय, काकांना काय घ्यायचं, गाडीत पेट्रोल कमी आहे. मी ऐकत होते. मग माझा आवाज आला. मी तोंड उघडलं नव्हतं. माझा आवाज त्यांना म्हणाला की बाळाला कपडे घेऊ, जंक्शनला चांगले मिळतात. ते काहीतरी म्हणाले आणि आत मी हसले. खळखळून हसले. माझं हसणं असं आहे, हे मला बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं.

समोर इंद्रजित ताटाकडे बघत होते.

आतलं बोलणं थांबलं. मग इंद्रजितनी विचारलं, थोडं हळू, त्यांना जमेल तेवढं.

"बाहेर कोन बसलंय गं?"

मी वाट पाहिली. समोरचे इंद्रजितही मान वर करून वाट बघत होते, असं मला दिसलं.

"कुणी नाही," आतून मी म्हणाले. "चला तुम्ही."

कडी निघाल्याचा आवाज आला. मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत कुणी नव्हतं. मागच्या दाराची कडी लागलेली होती, जशी मी लावली होती तशीच. खिडकीतून अंगण दिसत होतं. वारं अजिबात नव्हतं. तारेवरच्या ओल्या चादरी सरळ लोंबत होत्या. त्यांतली एक मधोमध उचलली गेली, इंद्रजितच्या डोक्याच्या उंचीवर, जशी वाकून पलीकडे जाताना हाताने उचलतात, आणि खाली पडली. मग तीच पुन्हा उचलली गेली, थोडी खालून. माझ्या उंचीवर. ती जरा जास्त वेळ वर राहिली, जाणारं माणूस थांबून मागे बघतं तेवढा वेळ. मग पडली.

पलीकडच्या बोळातून त्यांचा मोठा आवाज कालव्याच्या बाजूला जाताना येत होता. त्यात माझाही होता. मग एकटा त्यांचाच. मग तोही नाही.

मी मधल्या खोलीत परत आले आणि ताटावर बसले. समोरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले.

"गेले?" त्याने विचारलं. आवाज त्याच्या तोंडातून आला. बारीक होता, मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

"गेले," मी म्हणाले. शब्द माझ्या दातांना लागून बाहेर पडला.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मी त्याच्या ताटात भरीत वाढलं आणि आम्ही जेवलो.